काठोकाठ भरलेला प्याला

मित्रांनो, मुलांना दुसऱ्याचे मन किती कळते, हे मोजणाऱ्या परीक्षेतले मी एक जुने चित्रकार्ड आहे. माझ्यावर एक बाई हसतमुखाने पाहुण्याचा प्याला चहाने काठोकाठ भरते आहे. खाली प्रश्न आहे : ‘या बाईच्या मनात काय आहे?’ ठरलेले उत्तर : ‘माया’. मला काढणाऱ्या चित्रकाराच्या देशात ते बरोबरच असणार.

पण मला पाठवले किर्गिझस्तानात, नारिनच्या डोंगरात. पहिल्याच वर्गात तिलेक नावाचा मुलगा मला पाहून खिदळला.

“ही तर पाहुण्याला हाकलतेय!”

“कशावरून रे?” परीक्षा घेणाऱ्या कालिमाबाईंनी विचारले.

“असं काय करता, एजे?” एजे म्हणजे ताई; तिकडे शिक्षिकेला असेच म्हणतात. “आपल्याकडे पाहुण्याला अर्धाच प्याला देतात ना? म्हणजे तो परत मागतो, परत बसतो. काठोकाठ भरला की समजायचं, टोपी उचला नि चालू लागा!”

बाई नारिनच्याच. त्यांना सगळे कळत होते. पण उत्तरे वरून छापून आली होती, म्हणून त्यांनी शून्य दिले.

सगळा वर्ग चुकला. मग शेजारचाही. राजधानीत अहवाल गेला, की इकडच्या मुलांना माया ओळखता येत नाही. माझे मात्र फार कौतुक झाले. ज्या प्रश्नात सगळीच मुले चुकतात, तो प्रश्न खोल समजला जातो. मीही फुगले. पुठ्ठ्याला फुगायला ओल पुरते, मला कौतुक पुरले.

मग उमसुनाय नावाची मुलगी आली आणि माझा जीव टांगणीला लागला. गावची शाळा नववीला संपत होती. राजधानीतल्या, डॉक्टरकीकडे नेणाऱ्या वसतिशाळेत जागा मिळाली तर पुढचे शिक्षण, नाहीतर घाटातल्या मावशीच्या खाणावळीत भांडी. गणितात ती पहिली होती. पण माणसांचे मन न कळणारे डॉक्टर नकोत, म्हणून ही परीक्षाही पार करायची होती. शेवटचे कार्ड मी, आणि तिला एकच गुण कमी पडत होता.

माझ्यावरचा चहा आटावा, प्याला फुटावा, काहीही व्हावे, असे मला वाटू लागले.

“सावकाश बघ, पोरी,” कालिमाबाई म्हणाल्या. एरवी उत्तर येण्याआधी त्या अवाक्षर काढत नसत.

“बघितलं, एजे. ही बाई ना...”

बाईंची पेन्सिल कागदावर थबकली. त्यांनी श्वास रोखला होता. उमसुनायने माझ्यावरची नजर काढली आणि ती बाईंच्या तोंडाकडे पाहत राहिली.

“माया,” ती म्हणाली.

बाईंनी घाईघाईने गुण लिहिला. मग न राहवून विचारले, “खरंच तुला चित्रात माया दिसली?”

“चित्रात कुठली, एजे! तुमच्या तोंडावर दिसली.”

त्या उत्तराला रकाना नव्हता. बाईंनी मला पालथे ठेवले.

उमसुनाय राजधानीला गेली. मी कपाटात आले. मित्रांनो, माझी धूळ पुसा, असे मी म्हणणार नाही; पुसलीत तर पुन्हा कोणा मुलासमोर धराल. पोरांना तेवढे जपा. त्यांना शून्य देण्याआधी त्यांच्या घरची रीत विचारा.

कारण उमसुनाय डॉक्टर होईल. तिच्यापुढे रोगी कण्हत असेल आणि शेजारी मोठे साहेब उभे असतील. तेव्हा ती कोणाच्या तोंडाकडे पाहील, या काळजीने मला झोप नाही.