सातवी चकती

चहाच्या गोदामात तिला सगळे नाकवाली म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, लपवाछपवी काही नव्हती. नाक दिसायला बेताचंच. पण पु-एर चहाची चकती कागदातून बाहेर काढली रे काढली की ही सांगणार: ही अकरा वर्षं कोरड्या माळ्यावर होती, ही ओल देऊन मुद्दाम म्हातारी केलीय, आणि ही ज्याने गुंडाळली त्याने आधी संत्रं सोललं होतं. कोवळा चहा दमट तळघरात कोंबून काळा करायचा आणि तीस वर्षांचा म्हणून गळ्यात मारायचा, हा त्या धंद्यातला जुना खेळ. तिच्यापुढे तो चालत नसे, म्हणून व्यापारी तिला टरकून असत.

ज्यांनी हा चहा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. पानं वाफवून, दाबून, ताटलीएवढी चकती करतात, साध्या कागदात गुंडाळतात आणि ठेवून देतात. कोवळेपणी पाणी पिवळट, चव कडू, तोंड वाकडं करायला लावणारी. वर्षं गेली की चहा मुरतो, माणसं मुरतात तसाच. पाणी लाल होतं, कडूपणा जातो, घशात मागून गोडी येते. मात्र मुरताना तो ज्या खोलीत असेल ती खोली आत ओढून घेतो. धूर असेल तर धूर, औषध असेल तर औषध. "चहा आधी खोली पितो, मग आपण चहा पितो," असं मास्तर म्हणायचे.

मास्तर म्हणजे तिचे सासरे. सासरे नंतर झाले, आधी गुरू. गोदामात चाखायला त्यांनीच शिकवलं आणि मग हे नाक बाहेर जायला नको म्हणून की काय, मुलासाठी मागणी घातली. त्यांचं शिकवणं तीन गोष्टींत संपायचं. पहिलं पाणी चहाच्या अंघोळीचं, ते ओतून द्यायचं. मग घोट मोठ्याने फुरकायचा, जिभेवर खेळवायचा आणि पिकदाणीत थुंकायचा, गिळायचा नाही. दिवसाला साठ चहा चाखणारा गिळत बसला तर संध्याकाळी त्याचे हात थरथरतात. मास्तरांनी चाळीस वर्षांत एक घोट गिळला नव्हता. मूग सोडून ते काही गिळत नाहीत, असं हमाल म्हणायचे, कारण बोलणंही तेवढंच. आणि तिसरी गोष्ट, आपला वास आपल्याला कधी येत नाही. चाखणारा जगाचं सांगेल, स्वतःचं नाही सांगू शकणार.

नवरा शिवणयंत्रं दुरुस्त करायचा. त्याला चहा म्हणजे गरम पाणी. दोन नाकांच्या कचाट्यात सापडलोय, बाहेर काय खाल्लं तेही लपत नाही, अशी त्याची तक्रार असे, पण माणूस सरळ होता. घर लहानसंच होतं. दोन खोल्या, मध्ये बोळासारखा पॅसेज, टोकाला ओट्यापुरतं स्वयंपाकघर. मास्तर मात्र गोदामामागच्या आपल्या खोलीतच राहत.

मुलगी झाली तेव्हा मास्तरांनी नवी चकती आणली आणि पाळण्याशेजारच्या फळीवर ठेवली. चाखणाऱ्यांच्या घरात तसं करतात म्हणे. दर वाढदिवसाला एक नवी चकती पोरीच्या खोलीत ठेवायची आणि गेल्या वर्षीची थोडी टोच्याने फोडून चाखायची. म्हणजे गेलेलं वर्ष तोंडात येतं. पोरीचं नाव सगळे विसरलेच होते, सतत गुणगुणायची म्हणून भुंगी म्हणत. पहिल्या चकतीत दूध आणि पावडर होती. तिसरीत मेणाचे खडू. पाचवीत पडलेल्या दाताच्या वेळचं लवंगेचं तेल निघालं आणि आई तिथेच फरशीवर बसून हसत सुटली. असा हा लाडाचा खेळ होता, त्यात वाईट काही असेल असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

भुंगीच्या सातव्या वाढदिवसाला सकाळी तिने सातवी चकती काढली. बरोबर एक वर्ष झालं होतं. कागदावर भुंगीने पेन्सिलीने काढलेलं मांजर होतं, खाली तिच्या स्वतःच्या अक्षरात तारीख. पानं झाकणाच्या वाटीत टाकली, पहिलं पाणी ओतून दिलं, दुसरं घातलं आणि पेल्यात ओतलं तर ते लाल आलं. एका वर्षाच्या चहाचं पाणी लाल येत नाही, कधीच नाही. कुणीतरी चकती बदलली असणार, असं तिच्या धंद्यातल्या डोक्याने लगेच ठरवलं. तिने घोट फुरकला.

मुरलेला, शांत, तीस वर्षांचा चहा. त्यात चुना होता, धूळ होती, कधी न उघडलेली खिडकी होती, गादीत घातलेल्या डांबरगोळ्या होत्या. पोर नव्हती. साबण नाही, खडू नाही, केसांचा वास नाही. तिसरं पाणी, चौथं, सातवं. तीस वर्षांत त्या खोलीत एक माणूस आला नव्हता.

शेजारच्या सहाही चकत्या तिने फोडल्या. सगळ्यांत भुंगी होती, अगदी कालपर्यंतची, परवाच्या खोकल्याच्या औषधासकट. म्हणजे फळी तीच, हवा तीच, मग माशी शिंकली कुठे? पाणी कुठेतरी मुरत होतं आणि कुठे मुरतंय ते कळत नव्हतं. नवऱ्याला पाजला. तो म्हणाला, छान आहे, जरा कडक आहे. त्याच्या डोक्यात तो पेला घालावा असं तिला वाटलं.

तिने तो चहा डब्यात घेतला आणि मास्तरांची खोली गाठली. काही न सांगता पेला पुढे केला. मास्तरांनी डोळे मिटले, घोट फुरकला, जिभेवर खेळवला. मग पिकदाणी हातात घेतली आणि तशीच धरून बसले. त्यांचा कंठ खालीवर झाला. त्यांनी घोट गिळला होता. इतक्या वर्षांत तिने हे पाहिलं नव्हतं.

"कुठल्या खोलीतली?" त्यांनी विचारलं.

"भुंगीच्या."

त्यांनी पिकदाणी खाली ठेवली. मग बोलले, आणि एवढं सलग बोलताना तिने त्यांना कधी ऐकलं नव्हतं. तिच्या नवऱ्याच्या आधी त्यांना एक मुलगी होती, नऊ वर्षांची होऊन तापाने गेली. हे तिला माहीत होतं. हे माहीत नव्हतं की त्या मुलीच्याही फळीवर चकत्या होत्या आणि शेवटची अशीच निघाली होती, लाल, रिकाम्या खोलीची. चहा बिघडला म्हणून त्यांनी तो मोरीत ओतून दिला. चार महिन्यांनी ती खोली खरोखरच रिकामी झाली. बायकोला सांगितलं नाही, कुणालाच नाही. तिला त्यांचा राग आला, दया आली, पुन्हा राग आला. सात वर्षं आमच्या पोरीच्या उशाशी चकत्या ठेवताना तुमच्या तोंडून शब्द फुटला नाही, असं ती बोलूनही गेली. त्यांनी मान खाली घातली. पहिल्या सहा ठीक निघाल्या, म्हणून तो आपलाच भ्रम होता असं वाटलं, एवढंच म्हणाले.

ती घरी निघाली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. भुंगी दारातच मांजराच्या पाठीवर पट्टे ओढत बसली होती, खरंखुरं मांजर आणि खरीखुरी शाई. तिला पाहिलं आणि आई भीतीने नाही, हट्टाने पेटली. चहा खोलीचं सांगतो. पोरीचं काही सांगत नाही. त्याला रिकामी खोली हवीय ना? घे म्हणावं.

त्याच दिवशी तिने भुंगीचं अंथरूण, कपडे, खडू, सगळं आपल्या खोलीत आणलं. पोरीच्या खोलीची खिडकी खिळ्यांनी बंद केली, गादीत डांबरगोळ्या घातल्या, दाराला कुलूप लावलं. सात चकत्या आतच राहिल्या. वाढदिवसाची नवी, आठवी चकती तिने आपल्या पलंगाजवळच्या खिडकीत ठेवली. नवरा आधी हसला, मग चिडला, चांगली खोली कोंडून तिघांनी एका पलंगावर का मरायचं म्हणाला. मरायचं हा शब्द ऐकून तिने असं बघितलं की त्याने पुढे वर्षभर तो विषय काढला नाही.

वर्ष कसं गेलं ते तिचं तिला ठाऊक. पोर शिंकली तरी डॉक्टर. रस्ता ओलांडताना हात असा धरायची की मनगटावर बोटं उमटत. पण भुंगी टुणटुणीत. उंची वाढली, आणखी दोन दात पडले, पाढे सोडून जगातलं सगळं पाठ झालं. आणि आठव्या वाढदिवसाची सकाळ उजाडली. आईने कुलूप काढलं, दार जेमतेम वीतभर उघडलं आणि वास घेतला. चुना, धूळ, बंद खिडकी, डांबरगोळ्या. हुबेहूब तोच चहा. चहा खरं बोलला होता आणि पोर पॅसेजमध्ये लंगडी घालत होती. ती कुलूप लावून तिथेच रडली, मोकळं मोकळं रडली.

दुपारी मास्तर नातीसाठी नवी चकती घेऊन आले. सुनेने त्यांना सगळं सांगितलं. त्यांना आनंद झाला, झाला म्हणजे काय, त्यांनी नातीला उचलायचा प्रयत्न केला आणि कंबर धरून बसले. पण मग त्यांचा चेहरा उतरला. "एवढंच करायचं होतं," ते म्हणाले. "खोली बदलायची होती फक्त."  तिने पाणी उकळायला ठेवलं.

आठवी चकती फोडली. पहिलं पाणी ओतून दिलं, दुसऱ्याचा रंग पिवळा आला, कोवळा, हवा तसा. तिने फुरकला आणि तिला हसूच आलं. भुंगी होती, केळं, शाई, शाळेच्या बुटांसकट. यंत्राचं तेल होतं, म्हणजे नवरा होता, दाढीच्या साबणासकट. खोली भरलेली होती, माणसांनी उबदार झालेली. तिने घोट थुंकला आणि सवयीने दुसरा घेतला, आणि त्यात आणखी काय आहे ते शोधू लागली. मग तिसरं पाणी केलं. मग चौथं.

ती स्वतः नव्हती.

नसणारच, तिने मनाला बजावलं. आपला वास आपल्याला येत नाही, हा तर पहिल्या दिवशीचा धडा. पण कापूर घातलेलं तेल ती रोज गुडघ्यांना चोळायची, त्या तेलाचा वास तरी यायला हवा होता. तिच्या ओढणीला गोदामाचा वास असायचा, तोही नव्हता. पलंगाच्या त्या बाजूला, खिडकीपाशी, चकतीपासून हातभर अंतरावर ती वर्षभर झोपली होती. आता जगात एकच दुसरं नाक होतं, ते समोर बसलं होतं. तिने पेला भरला आणि पुढे सरकवला.

"मास्तर, मी आहे का बघा यात."

त्यांनी डोळे मिटले. चहा फुरकला. घोट या गालातून त्या गालात फिरवला. तिने पिकदाणी त्यांच्या हाताशी सरकवली. 

"आहेस," ते म्हणाले. "आहेस की. भरपूर आहेस."

पिकदाणीच्या त्यांच्या बाजूला एक थेंब नव्हता. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही, आणि तिनेही त्यांना दुसऱ्यांदा विचारलं नाही. म्हाताऱ्या माणसाला एकाच दिवशी किती छळायचं.

ते गेल्यावर ती उठली. उपाय तर माहीत होता, तो तिनेच शोधला होता. तिने आपली उशी आणि गोधडी उचलली आणि कुलूप लावलेल्या खोलीकडे निघाली. किल्ली कुलपाला लावली आणि हात थांबला. सातव्या चकतीच्या म्हणण्याप्रमाणे त्या खोलीत तीस वर्षं कुणी नव्हतं, म्हणजे तीसुद्धा नव्हती. तिथे जाऊन तरी काय होणार होतं? या खोलीत ती नाही. त्या खोलीत ती नाही. मध्ये पॅसेज होता, चार हात लांब, दीड हात रुंद. तिथे कधी चहा ठेवला नव्हता. तिथलं अजून कुणीच काही सांगितलं नव्हतं. तिने तिथे गोधडी अंथरली, भिंतीला उशी लावली आणि बसली. जरा बरं वाटलं. दोन्ही दारं दिसत होती.

भुंगी गुणगुणत आली. तिच्या हातात मास्तरांनी आणलेली नववी चकती होती. कागदावर मांजर काढून झालं होतं, या वर्षी पट्ट्यांचं, आणि मांजराशेजारी हात धरलेली एक बाई. आई इथे का बसलीय ते तिने विचारलं, आई म्हणाली उकडतंय, तिला ते पटलं. मग ती उकिडवी बसली आणि चकती उशीला टेकवून उभी करून बघितली.

"हिला इथंच ठेवूया ना, आई? तुझ्याजवळ?"

नाही म्हणायला तिने तोंड उघडलं. मग एक आवंढा गिळला आणि उशी सरकवून चकतीला जागा करून दिली.