नळावरची गाठ

गोजरानं बाटली उन्हासमोर धरली, एकदा हलवली आणि पदराखाली घेतली.

"दाव की," हौसेराव म्हणाले. ते कोपऱ्यावरच्या नळाखाली कळशी लावून बसले होते.

"काय दावू, बापू? काळीच हाय."

"काल तर एवढी न्हवती."

"काल निम्मी हुती. आज पुरी झाली. शाईवानी."

त्या छोट्या बाटलीत औषध असायचं. तिच्यात नळाचं पाणी भरायचं आणि दीड दिवस उबेला ठेवायची. रंग बदलला नाही तर पाणी प्यायला चालतं. काळं पडलं तर पाण्यात घाण आहे. गोजरा हे ट्रेनिंगमध्ये शिकून आली होती आणि कोयना सोसायटीचं पाणी तेव्हापासून तीच तपासायची. बाटल्या फडक्यात गुंडाळून ती तांदळाच्या डब्यात ठेवायची. तिच्या नवऱ्याला त्या डब्यातला भात नकोसा झाला होता.

सोसायटी खांदेश्वर स्टेशनच्या पलीकडे, मोठी पाइपलाइन जिथं अजून पोचली नव्हती अशा कडेला होती. कळंबोलीच्या लोखंड बाजारात पाठ मोडेपर्यंत ओझी वाहिलेल्या सातारच्या माणसांनी पै पै करून तिथं घरं बांधली होती. वापरायला टँकर यायचा. प्यायला मात्र बोअरचं पाणी. ते वर टाकीत चढायचं आणि टाकीखालच्या या एका नळाला यायचं. इतकी वर्षं कुणाचं काही बिघडलं नव्हतं. या महिन्यात मात्र चार घरांतल्या पोरांना जुलाब झाले आणि घराघरांत निळे जार दिसू लागले.

"शनिवारी पानी तपासाया सरकारी साहेब येणार हाईत," गोजरा म्हणाली. "त्यांच्यापुढं बाटली ठेवायची. ती बी काळी निघाली तर बोअर बंद. लाल रंग मारून जात्याल."

"आन् रविवारी?"

गोजरानं बाटली पदरात आणखी आत सारली. रविवारी हौसेरावांची सून उत्कर्षा पाणी पुजणार होती. माहेराहून ती सव्वा महिन्याची लेक घेऊन आली होती. गावाकडं बाळंतीण विहिरीवर जाते, हळदकुंकू वाहते, भरलेली कळशी घरी आणते आणि तिथून पुढं घरात वावरायला लागते. इथं विहीर नव्हती. सोसायटीतल्या सगळ्या सुनांनी हाच नळ पुजला होता. आणि प्रत्येकीच्या डोक्यावर कळशी चढवायला हौसेरावांची बायको शकुबाई उभी असायची.

"रविवारी काय, जारला हळदकुंकू लावायचं व्हय?" हौसेराव म्हणाले. "माज्या नातीच्या आईनं प्लॅस्टिकला पाया पडायचं?"

"आवं, मी न्हाई म्हनत तसं."

कळशी भरली. हौसेरावांनी नळ बंद केला, कळशीतलं पाणी ओंजळीत घेतलं आणि नळाच्या तोंडाला बांधलेल्या फडक्यावर ओतलं. मग ते फडकं दोन बोटांनी अलगद पिळलं. रोज सकाळी ते हेच करायचे. गोजरा दुसरीकडं बघत उभी राहिली.

फडकं शकुबाईच्या हिरव्या लुगड्याचं होतं. बोअर नवी असताना पाण्यात रेती यायची म्हणून तिनं ते गाळायला बांधलं. पुढं रेती थांबली, पण शकुबाईचं फडकं थांबलं नाही. दर महिन्याला ती जुनं सोडायची आणि त्याच लुगड्याचा नवा तुकडा बांधायची. शेवटचा तुकडा तिनं मागच्या वर्षी मे महिन्यात बांधला. जूनमध्ये ती गेली. त्यानंतर त्या गाठीला कुणी हात लावला नव्हता.

घरी उत्कर्षा बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. कोपऱ्यात जार होता. बेलापूरच्या ऑफिसातून येताना तिचा नवरा रणजीत रोज एक घेऊन यायचा.

"आबा, तुम्ही पण जारचंच प्या ना. का उगाच टेन्शन देता?"

"मला काय झालंय?"

"काल रात्री चारदा उठलात तुम्ही. मी बाळासाठी जागीच होते."

"म्हातारपनी झोप लागत न्हाई."

"झोप बाथरूममध्ये शोधत होता का?"

हौसेराव हसले. त्यांनी तांब्यातलं नळाचं पाणी भांड्यात ओतलं, तोंडापर्यंत नेलं आणि सुनेनं बघितलं म्हणून परत ठेवलं. बाळानं तेवढ्यात जांभई दिली. तिची हनुवटी थेट शकुबाईची होती. ही गोष्ट घरात सगळ्यांना दिसली होती आणि अजून कुणी बोललं नव्हतं.

बुधवारी कृष्णात टाकीवर चढला. तो सोसायटीचा सेक्रेटरी. तरुणपणी पाठीवर लोखंड घेऊन फळीवरून ट्रकमध्ये पळत चढायचा, पण आता पोट पुढं आलं होतं आणि शिडी अरुंद होती. खाली अर्धी सोसायटी जमली.

"सेक्रेटरी, सांबाळून! टाकीत पडला तर बाटली लागलीच काळी हुईल!"

"तुजी जीभ आदी तपासून घे, गोजरे!"

त्यानं टाकीतलं पाणी एका बाटलीत भरलं. गोजरानं नळाचं दुसऱ्या बाटलीत. गोजराची कल्पना अशी की घाण बोअरमध्येच असेल तर दोन्ही काळ्या पडतील. दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी तांदळाच्या डब्यात गेल्या.

गुरुवारी संध्याकाळी सगळे पुन्हा नळापाशी आले. गोजरानं दोन्ही बाटल्या कट्ट्यावर ठेवल्या. टाकीची जशीच्या तशी होती. नळाची काळीभोर.

सगळ्यांच्या नजरा टाकीवरून खाली आल्या. टाकीपासून नळापर्यंत चार हाताचा पाइप होता. पाइपाच्या टोकाला नळ होता. आणि नळाच्या टोकाला फडकं होतं.

"पाइप गंजला असंल," कृष्णात म्हणाला.

"प्लॅस्टिकचा हाय त्यो," हौसेराव म्हणाले.

"हां. मग... आतून चिरला असंल."

"चिरला असता तर गळला असता."

"मग नळच बदलू की! जुना झालाय. मी स्वतः आनतो, पितळी, भारीतला. काय रे?"

"व्हय व्हय, नळ बदलू," चारपाच जण एकदम म्हणाले. एकजण तर खिशात हात घालून वर्गणी काढायलाच लागला. सगळ्यांना अचानक नळाबद्दल फार बोलायचं होतं. नळ कसा असावा, कुठल्या दुकानात मिळतो, आट्याचा बरा की दांडीचा बरा. बोलताना कुणी आकाशाकडं बघत होतं, कुणी चपलांकडं. नळाकडं एकजणही बघत नव्हता.

हौसेराव एकेकाचा चेहरा बघत होते. मग ते गोजराकडं वळले.

"ट्रेनिंगला काय शिकवलं तुला? बाटली भरताना काय करायचं?"

"नळ सोडायचा. पानी जरा व्हाऊ द्यायचं. मग भरायची."

"त्याच्या आदी?"

"बोळा पेटवून नळाचं त्वांड भाजायचं."

"भाजलंस?"

गोजरानं मान हलवली. नाही.

"का?"

"जळालं असतं ना, बापू," ती हळूच म्हणाली.

"आन् त्याच्या बी आदी?"

"त्याच्या आदी काय न्हाई."

"गोजरे."

"नळाला काय बांधलं असंल तर सोडायचं," गोजरा म्हणाली आणि तिचे डोळे भरले. "मला न्हाई जमलं. शकूवैनींनी बांधलेलं मी कशी सोडू? मला वाटलं, त्येवढं एक चालंल."

हौसेराव वळले. ते नळाजवळ गेले. त्यांनी फडकं दोन बोटांत धरलं आणि आज पहिल्यांदाच नीट बघितलं. हिरव्या लुगड्यावर हिरवं शेवाळ. वर्षभर दिसलंच नव्हतं. बोटं चिकट झाली. ती त्यांनी धोतराला पुसली आणि घरी निघून गेले.

"आता मी नळ आनायचा का न्हाई?" कृष्णातनं विचारलं. वर्गणी काढणाऱ्यानं पैसे परत खिशात घातले.

शुक्रवारी दिवस उगवताना गोजरा बाटली घेऊन आली, तर हौसेराव नळापाशी गुडघ्यावर बसलेले. त्यांचं तोंड नळाला लागलेलं होतं.

"बापू! आवं हे काय? त्येच पिताय व्हय?"

हौसेरावांनी हातानंच थांब म्हटलं. ते पीत नव्हते. गाठ दातांत धरून ओढत होते. तोंडात वरचे तीन आणि खालचे पाच दात उरले होते, आणि कुठला दात कुठं लावावा याचा मेळ बसत नव्हता.

"कात्री आनू का?"

"नगं," ते दातांतूनच म्हणाले. "कापायची न्हाई. कापल्यालं तिला चालायचं न्हाई."

शकुबाईची गाठ अशीच असायची. बाजारात जाताना ती त्यांना भाकरीचं गाठोडं बांधून द्यायची. दुपारी सगळे हमाल जेवून तंबाखू मळायला लागायचे तरी हौसेराव गाठच सोडत असायचे. बायकोनं बांधून दिलंय की कुलूप घालून, म्हणून सगळे चिडवायचे. घरी येऊन ते भांडायचे. ती म्हणायची, वाटेत सांडली असती तर काय खाल्लं असतं? आणि दुसऱ्या दिवशी आणखी घट्ट बांधायची. शेवटी त्यांनी दातानं सोडायला शिकून घेतलं. आधी डावं टोक ओलं करायचं, मग आत ढकलायचं, मग उजवं ओढायचं.

हौसेराव थांबले. त्यांनी डावं टोक आत ढकललं. उजवं दातांत धरलं. गाठ सुटली.

ते मागं टेकून बसले आणि हसायला लागले. फडकं हातात होतं, तोंडाला शेवाळ लागलं होतं आणि ते हसतच होते. गोजरालाही हसू आवरेना. हसता हसता ती ओरडली, "त्वांड धुवा आदी! चांगल्या पान्यानं!"

मग तिनं कापसाचा बोळा पेटवून नळाचं तोंड चांगलं भाजलं. पाणी वाहू दिलं आणि बाटली भरली. ती या वेळी हौसेरावांनी उबेला ठेवली. तांदळाच्या डब्यात नाही, बाळाच्या शेकाच्या शेगडीपासून हातभर लांब, देवाच्या फळीखाली. उत्कर्षानं दोनदा विचारलं की तिथं काय बघताय सारखं. तिसऱ्यांदा ती स्वतःच बघायला आली.

शनिवारी संध्याकाळी साहेब आले. बाटली उजेडात धरली, हलवली, पुन्हा धरली. मग म्हणाले, "छान आहे. मी प्रयोगशाळेसाठीही पाणी नेतो, पण बोअर बंद करायचं कारण दिसत नाही." लाल रंगाचा डबा गाडीतून खाली उतरलाच नाही. कृष्णातनं आणलेला पितळी नळ लिंबूमिरची बांधून टाकीच्या खोलीत ठेवून दिला. पुढंमागं लागेल म्हणून.

रविवारी सकाळी नळाच्या कट्ट्यावर पाच खडे मांडले. उत्कर्षानं हळदकुंकू वाहिलं, हिरवा खण ठेवला. नळ उघडला तेव्हा धार सरळ आणि मोकळी पडली. फडक्यातून यायची तशी पसरून नाही. तिचा कळशीतला आवाजही वेगळा होता. सगळ्या बायका क्षणभर तो आवाज ऐकत राहिल्या. मग गोजरा पुढं झाली आणि तिनं कळशी उत्कर्षाच्या डोक्यावर चढवली. पोरांनी घुगऱ्यांच्या पातेल्यावर एकदम झडप घातली.

"रांगेत या रे! हमालाची जात, तरी एकाला दम न्हाई!" कृष्णात ओरडला आणि सगळ्यांत आधी स्वतःचीच ओंजळ भरली.

घरी आल्यावर उत्कर्षानं कळशी ठेवली आणि पहिलं भांडं भरून सासऱ्यांपुढं धरलं. हौसेराव बाळाला मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी उभ्या उभ्या पितात तसं वरून, घटाघटा पाणी प्यायलं.

"कसं आहे आबा?"

"पान्यासारखं."

मग त्यांनी धोतराला हात लावून बघितला. "हिनं बी नळ सोडला वाटतं."

"आणा इकडे, बदलते." उत्कर्षानं बाळाला घेतलं. बाळाला हिरवी लंगोटी होती, धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली. शुक्रवारी दुपारी हौसेरावांनी चुलीवर पातेलं ठेवून काहीतरी तासभर उकळलं होतं आणि शनिवारी दिवसभर गच्चीत कडक उन्हात वाळवलं होतं, हे तिला माहीत होतं. काय, ते विचारायचं राहून गेलं होतं. दारात गोजरा घुगऱ्यांची वाटी घेऊन उभी होती. तिनं हिरवा रंग बघितला आणि वाटी कडेला ठेवली.

उत्कर्षा लंगोटीच्या गाठीशी झटत होती. नख लावून बघितलं, ओढून बघितलं. बाळ पाय झाडत होतं.

"सुटतच नाहीये. आबा, ही गाठ कुणी बांधली?"

"मी."

"अशी कशी बांधली? आता सोडायची कशी?"

"आदी डावं टोक आत ढकल," हौसेराव म्हणाले. "न्हाईच सुटली तर दात लाव."

"शी! आबा!"

हौसेरावांनी भांडं पुढं केलं. "आनखी दे जरा."