थांबते म्हणून सांगितलं

कवळीवालीला पळायला लावलं ते तिच्या नणंदेनं. कवळीवाली म्हणजे दातांच्या डॉक्टरांना कवळ्या करून देणाऱ्या छोट्या कारखान्यातली सगळ्यात जुनी कारागीर. दिवसभर मान खाली घालून मेणात दात बसवायचे, साचे घासायचे. लोकांच्या हसण्याची सोय करता करता तिची स्वतःची मान मात्र आखडून गेली होती. नणंद शहरात बस चालवायची. आवाज असा खणखणीत की तिच्या बसला हॉर्नची गरजच नव्हती. नवऱ्याशी फारकत घेऊन ती आई आणि भावाकडे राहायला आली, आणि आल्या आल्या भावजयीकडे बघून म्हणाली, "वहिनी, अगं तू प्रश्नचिन्हासारखी दिसायला लागलीस. उद्यापासून माझ्याबरोबर पळायचं."

"वन्सं, बस पकडायला पळाले तरी मला धाप लागते."

"म्हणूनच तर. आम्ही ड्रायव्हरांनी किती वेळ थांबायचं तुझ्यासाठी?"

पहिल्या दिवशी कवळीवाली कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत पळाली आणि तिथल्या पायरीवर बसून राहिली. नणंदेनं तिला हसून हसून बेजार केलं, पण सोडलं नाही. श्वास कसा घ्यायचा, चढावर पाऊल लहान कसं टाकायचं, बूट एक माप मोठा का घ्यायचा, सगळं तिनंच शिकवलं. वर्ष सरलं आणि दोघी तासन्‌तास पळू लागल्या. मग नणंदेनं डोंगरातल्या पन्नास किलोमीटरच्या शर्यतीत परस्पर दोघींची नावं घातली.

"मॅरेथॉनपेक्षा लांब?" कवळीवालीचे डोळेच पांढरे झाले.

"लांबच. पण दोघी मिळून. शेवटची रेघ हात धरून ओलांडायची. कबूल?"

"कबूल."

सरावाच्या शेवटच्या महिन्यांत मात्र एक गोष्ट घडली. कवळीवाली पुढे जाऊ लागली. दिवसचे दिवस बस चालवून नणंदेचा डावा गुडघा कुरकुरायचा. कवळीवालीचे पाय मात्र हलके होत चालले होते. चढावर ती थांबून मागे बघायची आणि तोंडानं म्हणायची, "सावकाश या, वन्सं." मनात मात्र वेगळंच चाललेलं असायचं. ते आपल्या मनात आहे हे ती स्वतःलाही कळू देत नव्हती.

शर्यतीच्या दिवशी निम्मं अंतर दोघी बरोबर होत्या. नणंदेचं तोंड सतत चालू होतं. घरच्या गमती, बसमधली भांडणं, पुढच्या माणसाच्या टकलावरचं ऊन, एक विषय सुटला नाही. पाण्याच्या टेबलापाशी एक अनोळखी धावपटू कवळीवालीला म्हणाला, "झकास पळताय हो. एकट्या असता तर केव्हाच पुढे निघून गेला असता."

तेवढंच बोलून तो गेला. पण ते वाक्य तिच्या कानात जाऊन बसलं.

पुढे कड्याच्या कडेनं अरुंद पायवाट होती. एका बाजूला झाडी, दुसऱ्या बाजूला खोल उतार. तिथं नणंद म्हणाली, "वहिनी, मी जरा आडोशाला जाऊन येते. तू इथंच थांब हं, हलू नकोस."

"थांबते," कवळीवाली म्हणाली.

आणि ती खरंच थांबली. थोडा वेळ. तेवढ्यात मागून दोन बायका आल्या आणि तिला ओलांडून पुढे गेल्या. तिचे पाय आपोआप त्यांच्यामागे निघाले. चार पावलं टाकून वळू, असं तिनं ठरवलं. मग पुढच्या झाडापर्यंत. मग म्हणाली, वन्संना वाट माहीत आहे, त्या काय लहान आहेत? कानाला हवा लागत होती, बडबड नव्हती, गुडघ्याची कुरकूर नव्हती. तिनं त्या दोघींना गाठलं आणि मागे टाकलं. इतकं सुख तिला कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं.

शेवटच्या रेघेवरच्या फुगवलेल्या कमानीखालून ती पार झाली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्यांदाच एवढं पळणाऱ्या बायकांत ती तिसरी आली होती. गळ्यात पदक पडलं, कुणीतरी फोटो काढला. फोटोसाठी हसा म्हणाले तेव्हा ती हसली, आणि मग तिची नजर मागच्या वाटेकडे गेली.

ती कमानीजवळ बसून राहिली. माणसं येत गेली, मग तुरळक येऊ लागली, मग यायची थांबली. वेळ संपल्याचा भोंगा झाला. कामगारांनी कमानीतली हवा सोडली तशी ती कमान हळूहळू जमिनीवर लोळली. आणि त्यानंतर बऱ्याच वेळानं वळणावर नणंद दिसली. लंगडत, घसा धरून, एकटी. टाळ्या वाजवायला कुणी उरलं नव्हतं.

कवळीवालीला बघताच नणंदेनं तिला मिठी मारली. आवाज पार बसला होता. "अगं बये! आहेस ना धड? मला वाटलं, उतारावरून घसरलीस. मागे गेले, ओरडत ओरडत. त्या पार मागच्या पाण्याच्या टेबलापर्यंत. मग तिथल्या माणसांनी पुढे फोन करून विचारलं, तेव्हा कळलं की तू पुढे गेलीस."

कवळीवाली गळ्यातलं पदक मुठीत झाकू लागली. आणि तिच्या वतीनं नणंदच बोलली. "तुला वाटलं असणार, मी पुढे निघाले. मला शोधत पळालीस ना, वेडाबाई?"

"हो," कवळीवाली म्हणाली.

एवढा एक शब्द. त्याच्यानंतर तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी नणंदेनं ती हकीकत रंगवून रंगवून सांगितली. "ही मला पुढे शोधतेय, मी हिला मागे शोधतेय! दोघींची अक्कल मिळून एका माणसाला पुरली नसती!" सासूबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. नवरा म्हणाला, "अशी नणंद-भावजय शोधून सापडायची नाही." पाहुणा आला की सासूबाई पदक काढून दाखवायच्या आणि गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. कवळीवाली उठून स्वयंपाकघरात जायची आणि घासलेलीच भांडी घासत बसायची. कारखान्यात साचा घासताना तिच्या हातून एका म्हाताऱ्याच्या कवळीला तडा गेला. मालक काही बोलला नाही. तो बोलला असता तर बरं, असं तिला वाटलं.

शेवटी एका दुपारी ती नणंदेच्या बसमध्ये चढली आणि शेवटच्या थांब्यापर्यंत बसून राहिली. सगळे उतरल्यावर ड्रायव्हरच्या सीटमागे जाऊन उभी राहिली.

"वन्सं, मी तुम्हाला शोधत नव्हते. थांबते म्हणून सांगितलं आणि निघून गेले. मुद्दाम. मला पुढे जायचं होतं."

नणंदेनं आरशातून तिच्याकडे बघितलं. इंजिन बंद केलं. 

"मी त्या कड्यावरून खाली वाकून बघत होते," ती म्हणाली. तिचा आवाज इतका हळू कवळीवालीनं कधी ऐकला नव्हता. "प्रत्येक झुडपात बघत होते. दादाला जाऊन काय सांगू, त्याची वाक्यं मनात जुळवत होते. आणि तू तेव्हा पळत होतीस."

"हो."

"मजेत?"

खोटं बोलायची सोय होती. "हो, मजेत," कवळीवाली म्हणाली.

नणंदेनं दार उघडलं. "उतर. मला पुढची फेरी आहे." कवळीवाली पायरीवर असताना ती मागून म्हणाली, "घरात बोलू नकोस. आईला ती गोष्ट आवडते."

म्हणून ती गोष्ट घरात तशीच राहिली, पण नणंद आता ती सांगत नव्हती. सासूबाई सांगायच्या आणि नणंद मान हलवायची. जेवताना मीठ, पाणी, काय हवं ते पुढे करायची. सकाळी मात्र एकटीच बाहेर पडायची, कवळीवालीच्या आधी.

काही आठवड्यांनी रस्त्यात दोघी समोरासमोर आल्या. एक जात होती, एक परतत होती. नणंदेनं न थांबता हात किंचित वर केला, बसचे ड्रायव्हर एकमेकांना करतात तसा, ओळखीपुरता. कवळीवालीनंही केला. नणंद गुडघा सांभाळत वळणापलीकडे गेली, तोवर कवळीवाली रस्त्यातच उभी राहून बघत होती. मागून आलेल्या सायकलवाल्यानं घंटी वाजवली, "बाई, पळायचंय की उभं राहायचंय?" तेव्हा कुठे ती बाजूला झाली.