आटतील म्हणून सोडलेला अर्धा इंच

तीस वर्षं शिलाईचं दुकान चालवतेय, पण माप चुकलं असं माझ्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही. चुकतं ते गिऱ्हाइकाचं अंग. गेल्या वर्षी धाकट्या जावेने मी शिवलेला नवा ड्रेस घालून बघितला आणि तो दंडात रुतायला लागला, तेव्हा तिलाही चारचौघांत हेच ऐकवलं. "माप बरोबर आहे. तूच सुटलीयस." उचलली जीभ, लावली टाळ्याला. तेव्हापासून ती माझ्याशी निरोपापुरतं बोलते, तेही लेकीमार्फत.

ती लेक परवा दहा वर्षांची झाली. पार्टीची बिस्किटं काकूनेच करायची, फ्रॉकच्या आकाराची, वर आयसिंगची झालर, असा तिचा हट्ट. जावेने नकार दिला नाही, एवढं कळलं आणि मी लागले कामाला. खरं सांगते, जाऊ मला परत हवी होती. दुपारी दुकानात येऊन बटणं लावता लावता गप्पा मारणारं मला दुसरं आहेच कोण?

बिस्किटं कापायचा कटर विकत आणणं मला कमीपणाचं. कागदावर फ्रॉकचा नमुना काढला, लाटलेल्या पिठावर ठेवला आणि सुरी घेतली. तेवढ्यात अनुभव आडवा आला. सुती कापड धुतल्यावर आटतं, तर पीठ भाजल्यावर आटणारच की. चारी बाजूंनी अर्धा इंच जास्त सोडला. कापलेले तुकडे आधी फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर पसरतात, असं पाककृतीत लिहिलं होतं. म्हटलं, आता हे मला शिकवणार.

ओव्हनमधून जे निघालं त्याला फ्रॉक म्हणायला माझीच जीभ रेटेना. बाह्या कमरेला मिळालेल्या, शेजारशेजारचे फ्रॉक एकमेकांना चिकटलेले. मी ओव्हनला बोलले, लोण्याला बोलले. नवरा डोकावून म्हणाला, "उशा छान झाल्यात." त्यालाही बोलले. नाचता येईना, अंगण वाकडं; माझं अंगण तर तीस वर्षं वाकडंच आहे.

दुसरं पीठ मळायला वेळ नव्हता. आयसिंगने झाकू म्हटलं. कागदाच्या कोनातून दाट आयसिंगची किनार काढली, पण ती वाळायच्या आधीच आत पातळ गुलाबी ओतलं. ते किनार ओलांडून ताटात उतरलं, आणि साखरेची चंदेरी बटणं गळ्यापासून घसरत घेरापर्यंत गेली.

डब्याचं झाकण बसेना, म्हणून तसाच उघडा घेऊन जावेच्या घरी गेले. तिने टेबलावर ठेवला, आत पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"ताई, हे कुणाच्या मापाचे?"

वर्षभरात ती पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलली. ओव्हन जुना झालाय, हे उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. पुतणी दोघींकडे आळीपाळीने बघत होती.

"माप माझं चुकलं," मी म्हणाले. "यांचंही, आणि तुझ्या ड्रेसचंही. दंड मी अर्धा इंच कमी धरला होता. त्याच दिवशी मापांच्या वहीत बघितलं होतं मी."

जाऊ वळली आणि आत गेली. संपलं, असंच वाटलं मला. पण ती बाहेर आली ती हातात ड्रेस घेऊन. त्या दिवशी मी घालून दिलेली घडी तशीच होती. तिने बाही उलटी करून शिवण माझ्यासमोर धरली.

"आत कापड सोडलंय का?"

"अर्धा इंच," मी म्हणाले. "सवय आहे."

तिने चिकटलेल्या दोन फ्रॉकचा एक तुकडा मोडून तोंडात टाकला. "उद्या दुपारी येते दुकानात," ती म्हणाली. "टेप मात्र मी धरणार."