टंकलेखन साहाय्य

युरोपियन सिनेमांचा महोत्सव शहरात सुरू होऊन यंदा अकरा वर्षं झाली, आणि थोरल्याने धाकटीच्या डोक्यावर मिऱ्या वाटायला लागून तेवढीच. थोरला म्हणजे महोत्सवाचा संचालक, धाकटी त्याची सख्खी बहीण. दरवर्षी आठ दिवस पाच थिएटरं परदेशी सिनेमांनी भरायची, पुलाच्या कठड्यांवर निळे झेंडे लागायचे, टॅक्सीवालेसुद्धा गिऱ्हाइकाला "आज कुठला पाहिलात?" म्हणून विचारायचे, आणि वर्तमानपत्रांत थोरल्याचा गळ्यात मफलर टाकलेला फोटो यायचा. मफलर धाकटीने विणलेला होता. त्याचं काही नाही, तो तिने हौसेने दिला होता.

हौसेने न दिलेली गोष्ट वेगळी होती. महोत्सवाचा मुख्य मान दरवर्षी एका म्हाताऱ्या दिग्दर्शिकेच्या सात सिनेमांपैकी एकाला असायचा. युरोपातल्या एका टीचभर देशातली ही बाई, आणि तिची भाषा या अख्ख्या शहरात फक्त धाकटीला येत होती. वीस वर्षांपूर्वी धाकटी पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्याच्या ऑफिसात कामाला होती. तिथे त्या देशातून कापायची यंत्रं आली, ती बसवायला एक इंजिनिअर आला, आणि यंत्रांच्या जाडजूड माहितीपुस्तकांचं भाषांतर हिच्या गळ्यात पडलं. इंजिनिअरने दोन वर्षांत तिला भाषा शिकवली आणि एक गोष्ट बजावली, "पुस्तकात एक शब्द चुकला, की खाली कामगाराचं बोट जातं." धाकटीने ते असं मनावर घेतलं की पुढे सिनेमाच्या भाषांतरातही ती एक शब्द पदरचा घालत नसे आणि एक गाळत नसे.

थोरल्याला ती भाषा किती येत होती? "हो", "नाही", "धन्यवाद" आणि "फार सुंदर". एवढ्या भांडवलावर, धाकटीने केलेली भाषांतरं स्वतःच्या नावाने लावून, तो गावभर भाषाप्रभू म्हणून मिरवत होता. पहिल्या वर्षी म्हणाला, "अगं, संचालकाच्या नावाने भाषांतर गेलं की प्रायोजकांना बरं वाटतं." दुसऱ्या वर्षी काही म्हणालाच नाही. धाकटीने एकदा आईपाशी विषय काढला, तर आई म्हणाली, "नाव त्याचं झालं काय नि तुझं झालं काय, घरातच राहतं ना?" आईचा थोरल्यावर पहिल्यापासूनच जीव. धाकटी तोंडात मूग धरून बसली, कारण थोरल्याने तिला शब्द दिला होता. म्हातारीच्या सातही सिनेमांच्या संहितांचं पुस्तक निघेल तेव्हा मुखपृष्ठावर तिचं नाव असेल, मोठ्या अक्षरात.

महोत्सवाच्या शेवटच्या दिवशी सकाळी ते पुस्तक आलं. थिएटरच्या दालनात टेबलावर गठ्ठे लावलेले होते. धाकटीने वरची प्रत उचलली. 'भाषांतर' या शब्दाखाली थोरल्याचं नाव होतं. तिने पहिली पानं चाळली, शेवटची चाळली. आभाराच्या पानावर, छपाईवाल्याच्या आणि चहावाल्याच्या मध्ये एक ओळ होती : टंकलेखन साहाय्य, धाकटी बहीण.

तिथेही नाव नव्हतंच. धाकटीच्या कानशिलातून वाफा निघाल्या. सात सिनेमे, अकरा वर्षं, एकेका शब्दासाठी जागवलेल्या रात्री, आणि हा म्हणतो टंकलेखन! पुस्तक तिने जागेवर ठेवलं, कोपऱ्याला कोपरा जुळवून.

एवढ्यात थोरला आलाच. यंदा म्हातारी स्वतः पाहुणी म्हणून आली होती आणि दुपारच्या खेळानंतर स्टेजवर तिची मुलाखत होती. घेणारा थोरला, दुभाषीही थोरलाच. त्याने तीन प्रश्न ठरवले होते, म्हातारीकडून उत्तरं आधीच लिहून आणवली होती, आणि धाकटीने केलेलं त्यांचं भाषांतर गेला आठवडाभर पाठ केलं होतं. प्रश्नसुद्धा तिने त्याला आपल्या लिपीत लिहून दिले होते, पोपटाला शिकवावं तसे.

"सगळं नीट आहे ना गं? काही सांगायचं राहिलं नाही ना?" त्याने विचारलं.

सांगायचं एक राहिलं होतं. म्हातारीच्या मुलाखती धाकटीने झाडून सगळ्या वाचल्या होत्या. लिहून दिलेलं उत्तर म्हातारीने आयुष्यात कधी स्टेजवर दिलेलं नव्हतं, तोंडात येईल ते बोलायची. हे थोरल्याला सांगायचं, असं धाकटी कालपर्यंत ठरवून होती.

"नाही दादा," ती म्हणाली. "तुझं पाठांतर चोख आहे."

दुपारी थिएटर खच्चून भरलं. पहिल्या रांगेत आई, तिच्या शेजारी महोत्सवाचे विश्वस्त. म्हातारीच्या जुन्या सिनेमांवर सबटायटल छापलेली नसायची, म्हणून मोठ्या पडद्याखाली एक काळी लांबट पट्टी लावलेली होती. स्टेजवर उभं राहिलं तर ती डोक्याच्या हातभर वर येई. धाकटी मागे प्रोजेक्टरच्या खोलीत संगणकापुढे कानात आवाज लावून बसायची आणि पात्राने तोंड उघडलं की कळ दाबून त्याचं वाक्य पट्टीवर सोडायची. सिनेमा संपला, टाळ्या झाल्या, पट्टीवर महोत्सवाचं नाव आलं. मुलाखत संपेपर्यंत ते तसंच राहायचं असा रिवाज होता.

थोरला म्हातारीला हात देऊन स्टेजवर घेऊन आला. पट्टी दोघांच्या पाठीमागे होती. त्याने पहिला प्रश्न फाडफाड विचारला. ऐंशीच्या घरातली म्हातारी काठीवर दोन्ही हात ठेवून शांतपणे एक वाक्य बोलली.

थोरला लोकांकडे वळला. "त्या म्हणतात, सिनेमा हे मी जगाला लिहिलेलं पत्र आहे, आणि प्रत्येक प्रेक्षक ते स्वतःच्या पत्त्यावर आलंय असं समजून उघडतो."

धाकटीने महोत्सवाचं नाव पुसलं. टंकलेखनाचे आभार मानलेत ना? मग करू या टंकलेखन. तिने टाइप केलं : माझे गुडघे दुखताहेत. एक खुर्ची मिळेल का?

थिएटरभर हशा पिकला. दारावरच्या माणसाने पळत जाऊन खुर्ची आणली. म्हातारी बसली. थोरल्याला वाटलं, आपलं वाक्य लोकांना भिडलं. त्याने मफलर सारखा केला. मागे खोलीत धाकटीशेजारी बसलेला प्रोजेक्टरचा मशीनवाला हात तोंडावर ठेवून म्हणाला, "ताई, हे काय चालवलंय?" ताईची बोटं कळांवर तयार होती, आणि तिला फार बरं वाटत होतं.

दुसरा प्रश्न झाला. म्हातारी थोरल्याकडे बोट दाखवत बोलली. थोरला डोळे मिटून म्हणाला, "त्या म्हणतात, या शहरात पाऊल ठेवलं आणि मला माझं बालपण परत मिळालं."

पट्टी म्हणाली : काल जेवताना मी या गृहस्थांना तीनदा विचारलं, माझा कुठला सिनेमा तुम्हाला आवडतो? तिन्ही वेळा ते 'हो' म्हणाले.

आता लोक पोट धरून हसायला लागले. थोरला हरभऱ्याच्या झाडावर चढला. जितके लोक हसत तितका तो हात पसरून, मान तिरकी करून जास्तच रंगात येई. बालपणाला त्याने नदी जोडली, नदीला होडी जोडली. पहिल्या रांगेत आईचा चष्मा घरी राहिलेला. ती शेजारच्या विश्वस्ताला विचारत होती, "काय लिहिलंय हो?" आणि विश्वस्त खाली बघत होता.

तिसऱ्या प्रश्नाला म्हातारी बराच वेळ बोलली. धाकटीची बोटं मधेच थांबली, मग पुन्हा चालू लागली. थोरला छातीवर हात ठेवून म्हणाला, "त्या म्हणतात, माझे शब्द तुमच्यापर्यंत पोचवणाऱ्या या संचालकांची मी जन्माची ऋणी आहे." हे उत्तर म्हातारीने लिहूनसुद्धा दिलं नव्हतं, ते त्याच्या पदरचं होतं.

पट्टी म्हणाली : माझ्या सिनेमात आई मुलाच्या बुटांवरून एक विनोद करते. तो माझ्या आईचा विनोद आहे. माझ्या देशाबाहेर त्यावर कधी कुणी हसलं नाही. आज तुम्ही हसलात. ज्याने हे भाषांतर केलंय त्याला मला भेटायचंय. हे गृहस्थ ते नव्हेत.

या वेळी कुणी हसलं नाही. म्हातारीने लोकांची नजर पाहिली, खुर्चीतच मागे वळली, पट्टीकडे बघितलं आणि काहीतरी विचारलं. तिच्यामागून थोरलाही वळला. त्याच्या डोळ्यांदेखत पट्टीवर अक्षरं उमटली : हे वर कोण लिहितंय?

त्याच्या खाली लगेच दुसरी ओळ आली. अकरा वर्षांत पहिल्यांदा धाकटीने पदरचे शब्द घातले. मी. धाकटी बहीण. टंकलेखन साहाय्य.

थिएटरमधली सगळी डोकी मागे, प्रोजेक्टरच्या खोलीच्या खिडकीकडे वळली. टाळी आधी एका कोपऱ्यातून आली, मग माणसं उभी राहिली. म्हातारीने काठी उंच केली. थोरल्याचं पितळ असं उघडं पडलं होतं की आता ते झाकायला मफलरही पुरला नसता. तो पट्टीकडे तोंड करून नुसता उभा होता.

म्हातारीने त्याचा हात आपल्या हातात घेतला. टाळ्या थांबल्यावर ती सावकाश बोलली. धाकटीच्या कानात शब्दन् शब्द स्वच्छ आला. 'याला फार हसू नका. माझ्या देशात माझे सिनेमे कुणी लावत नव्हतं, तेव्हा याने लावले. खोटं बोलला, पण या थिएटरची दारं माझ्यासाठी उघडली ती यानेच. याच्यासाठीही टाळ्या वाजवा.'

थोरला पट्टीकडे बघत होता. सगळं थिएटर पट्टीकडे बघत होतं. म्हातारीने आपल्याबद्दल काहीतरी म्हटलंय, हाताच्या दाबावरून बरं म्हटलंय, एवढं त्याला कळलं असावं. त्याने पट्टीवरून नजर काढून मागच्या खिडकीकडे पाहिलं. लहानपणी भिंतीवर चढून बसला आणि उतरता येईना, तेव्हा असाच बघत होता.

धाकटीने हात मांडीवर ठेवले. पट्टी काळी राहिली.

"काय म्हणाली ती?" मशीनवाल्याने विचारलं.

"विशेष काही नाही."

कुणी टाळी वाजवली नाही. विश्वस्त उठून बाहेर गेले, त्यांच्यामागून लोक निघाले. आई तेवढी जागेवर बसून होती.

थोड्या वेळाने जिन्यावर पावलं वाजली. थोरला प्रोजेक्टरच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. आरडाओरडा करेल, हात उगारेल, याची धाकटीने तयारी ठेवली होती. त्याने तसलं काही केलं नाही. मफलर त्याच्या मुठीत होता.

"चार लोकांत मला उघडं पाडलंस. पाड. बरोबर केलंस," तो म्हणाला. "पण धाकटे, एवढंच सांग. माझा हात धरून शेवटी ती काय म्हणाली?"

धाकटीने संगणक बंद केला, पर्स खांद्याला लावली आणि त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "मला काय विचारतोस दादा? मी तर टंकलेखन करते. भाषा तुला येते."

ती जिना उतरून गेली.