टाळाच्या पितळेचं बूच

या, सरकून जवळ बसा. बुवा यायला अवकाश आहे, तोवर आमच्या भजनी मंडळाच्या जीपची गोष्ट सांगतो.

राजानंद त्या जीपचा ड्रायव्हर आणि कीर्तनातला टाळकरी. जीप जुनी, पेट्रोलची, इंजिन परदेशी. धूर स्वच्छ व्हावा म्हणून एक पंप चार नळ्यांतून मेनीफोल्डमध्ये हवा सोडायचा. मेनीफोल्ड म्हणजे जळका धूर इंजिनातून बाहेर पडतो तो बिडाचा तुकडा. पंप बंद पडला, नळ्या गंजून फुटल्या. राजानंदनं त्या काढून भोकं बुजवली. तीन बुचं पोलादी. चौथं त्यानं आपल्या तडकलेल्या टाळाचं पितळ ओतून बनवून घेतलं. नामात झिजलेलं पितळ गाडी राखील, असा त्याचा भाव.

पण पितळ तापलं की फुगतं, निवलं की ढिलं पडतं. गळलेला धूर फाटक्या तळातून आत शिरत राहिला. परतूरहून एकटाच येताना राजानंदला भोवळ आली, जीप पुलाच्या कठड्यावर गेली. तो गेला.

वर्षश्राद्ध झालं. आष्टीच्या सप्ताहाला बायकांचं भजन न्यायचं, म्हणून त्याची बायको कौसल्याबाई ठोकून सरळ केलेली जीप घेऊन एमआयडीसीत कल्याण मिस्त्रीच्या गॅरेजवर आल्या. चालवायला लेक संध्या. कल्याण राजानंदचा जुना दोस्त. त्यानं इंजिन चालू केलं, तसा चौथ्या बुचातून हुंकार निघाला. लांब, बराबर राजानंदच्या सुरात.

"हे काढू नका, भावजी," कौसल्याबाई म्हणाल्या. "त्ये गाऊन राह्यले."

"वहिनी, ह्यानंच नेलं त्याला."

"तुम्ही जन्माचे बेसूर. तुम्हाला काय कळतंय?"

"सुरातलं न्हाई कळत. पर संध्याला ह्या धुरात बसवता का?"

कौसल्याबाईंनी लेकीकडं पाहिलं.

"काढा," त्या म्हणाल्या.

कल्याणनं इंजिन निवू दिलं. पितळेचं बूच नुसत्या बोटांनी निघून आलं. नवं ॲल्युमिनियमचं बसवावं तर तिथं ते वितळलं असतं. त्यानं पोलादी बूच निवडलं, आटे जुळवले, उष्णता सोसणारं ग्रीस लावून आवळलं. इंजिन चालू करून बुचापाशी उदबत्ती धरली. गळती असती तर धूर उडाला असता. तो सरळ वर गेला.

आणि हुंकार आला.

कल्याणनं चावी फिरवली. इंजिन थांबलं, हुंकार थांबला न्हाई. माणूस दम घेतो तसा मध्ये एकदा तुटला, पुन्हा लागला.

"गाऊ द्या," कौसल्याबाई म्हणाल्या. "आता कुणाला बाधायचं न्हाई." संध्याला म्हणाल्या, "चल, बस गाडीत."

मायबाप, भाव खरा होता त्याचा, धातू चुकला. देवापुढं हात जोडाल तेव्हा राजानंदची आठवण ठेवा.