तळाच्या पाण्यातले बुडबुडे

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी लाँच आहे. महाडजवळच्या दासगाव बंदरातून बाणकोटपर्यंत सावित्रीच्या खाडीतून मी माणसं नेत असे. ही गोष्ट एकोणीसशे अठ्ठावन्नच्या सुमाराची.

मला चालवणारे सारंग, गोमाजी, मोठे भाविक. इंजिनाशेजारी त्यांनी सोमजाईची तसबीर लावली होती. तिच्यापुढची पणती लाटांनी कलंडायची, म्हणून त्यांनी बॅटरीवरचा लहानसा दिवा बसवला. देवीचा दिवा, तो विझवायचा नाही! मी धक्क्याला उभी असले तरी तो जळतच असे. उतारू कौतुक करत. मलाही बरं वाटे, खोटं कशाला बोलू?

पण त्याच वर्षी माझ्या तळाला भोक पडलं. पत्रा बदलला, तर काही महिन्यांत नव्यालाही भोक! मालक महिपतशेठ म्हणाले, "खाऱ्या पाण्यानं सडली. आता गळली की भंगारात." गोमाजी बिचारे मला बाहेरून खरवडत, रंग देत. आत कोणी पाहिलंच नाही.

एका सकाळी पोलादपूरकडची साळूबाई तान्ह्या लेकीला, आवडीला, घेऊन बसली. गोमाजी तळाची फळी काढून साचलेलं पाणी उपसत होते. लेकरू त्या पाण्याकडे झेपावलं, तशी आईची नजर तिकडे गेली.

"काका, पानी उकळतंय काय वो?"

"खारं पानी गो, उकळंल कशाला?"

"मंग त्या तारंपाशीच बुडबुडं कसलं?"

इंजिनवाला कुशाबा वाकला. दिव्याच्या एका तारेचं वेष्टण घासून ती माझ्या अंगाला टेकली होती. दुसरीचा उघडा जोड पाण्यात लोंबत होता. वीज पहिलीतून माझ्या अंगात शिरे आणि खाऱ्या पाण्यातून दुसऱ्या तारेत जाई; तिथंच ते बुडबुडे उठत. माझं अंग सोडताना ती थोडं थोडं लोखंड पाण्यात विरघळवी. नुसतं खारं पाणीही गंज चढवतं, पण इतकी घाई करत नाही.

"सारंग, बॅटरी सोडव," कुशाबा म्हणाला.

गोमाजींचा हात थबकला. "सोमजाईचा दिवा हाय. विझवू कसा?"

साळूबाईनं आवडीला घट्ट धरलं. "देवीला काळोख चालंल, काका. माज्या पोरीच्या पायाखाली भोक नाय चालायचं."

गोमाजींनी तसबिरीला हात जोडले आणि तार काढली. दिवा गेला. बुडबुडेही थांबले.

त्यानंतर मी बरीच वर्षं पाण्यात राहिले. मित्रांनो, एखादी वस्तू वरचेवर बिघडू लागली, तर तिला भंगार म्हणण्याआधी एकदा आत वाकून बघा. आपण मायेनं जोडलेलंच काही तिला खात नाही ना?